विषाणूविरोधी औषधे देताना हृदयाचीही नोंद ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साथ आली की कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत, कोणत्या इंजेक्शनचा किती साठा जिल्ह्याला मिळाला आणि ते काळ्या बाजारात कितीला विकले गेले, याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, आणि त्या यायलाही हव्यात. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या एकेका कुपीसाठी महाराष्ट्रभर नातेवाइकांची कशी धावपळ झाली, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. मात्र ती कुपी रुग्णाच्या शिरेत गेल्यावर त्याची नाडी मिनिटाला किती पडत होती, हे किती केसपेपरवर लिहिले गेले असेल, हा प्रश्न तेव्हाही कुणी फारसा विचारला नाही आणि आजही विचारला जात नाही. माझा जन्म औषधांच्या काउंटरमागे गेला असून डॉक्टरांच्या अधिकारक्षेत्रात नाक खुपसण्याची मला हौस नाही. परंतु चिठ्ठ्या वाचता वाचता जे दिसत गेले, त्याच्या आधारे या दुर्लक्षित विषयाकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावेसे वाटते.

रेमडेसिव्हिरने काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, ही गोष्ट औषध वापरात आल्यावर देशोदेशींच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या नोंदींमधून ठळक झाली. बहुतेकांचे ठोके औषध थांबवल्यावर पूर्ववत होतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सलाइनमधून औषध जात असताना आणि ते संपल्यावर निदान एक तास रुग्णावर लक्ष ठेवावे, असे या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. वॉर्ड ओसंडून वाहत असताना एका परिचारिकेने किती रुग्णांच्या उशाशी तासभर थांबायचे, हे मी समजू शकतो आणि त्या दिवसांबद्दल कुणाला बोल लावण्याची माझी इच्छा नाही. शांततेच्या काळात जी सवय अंगवळणी पडलेली नसते ती धांदलीत पाळली जात नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि सध्या तो शांततेचा काळ आहे.

विषाणूविरोधी औषधांचा हृदयाशी संबंध एकाच वाटेने येत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हावे लागते आणि त्यासाठी पेशीतले पोटॅशियम ठराविक मार्गांनी बाहेर पडावे लागते. काही औषधे नेमका हाच मार्ग अडवतात. मग सज्ज होण्यास लागणारा वेळ वाढतो आणि ईसीजीवर क्यूटी नावाचे अंतर लांबलेले दिसते. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले हे अंतर ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेले किंवा औषधापूर्वीच्या तुलनेत ६० मिलिसेकंदांहून अधिक वाढले, तर ठोक्यांची लय जीवघेण्या रीतीने बिघडण्याची भीती असते. एचआयव्हीवरील लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर आणि सॅक्विनाव्हिर यांच्याबाबत असा इशारा दिलेला आहे, तर अटाझानाव्हिरमुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा संदेश रेंगाळू शकतो. काही औषधांचा घाला थेट हृदयाच्या स्नायूवर पडतो. हेपटायटिस सी वरील बीएमएस-९८६०९४ या प्रायोगिक औषधाच्या चाचण्या २०१२ साली एका रुग्णाचा मृत्यू आणि इतरांच्या हृदयाची क्षमता घटल्याचे आढळल्यामुळे थांबवाव्या लागल्या. ते औषध बाजारात आलेच नाही. एचआयव्हीवरील अबाकाव्हिरचा प्रश्न आणखी वेगळा. ते घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण अधिक दिसते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारो रुग्णांच्या दीर्घकाळच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासातून पुढे आले. नोंदीच नसत्या तर हे कुणाच्याही ध्यानात आले नसते.

आपल्याकडे अधिक भेडसावणारी वाट मात्र निराळीच आहे. औषध एकटे असताना निरुपद्रवी असते, पण रुग्णाच्या पोटात आधीपासून असलेल्या दुसऱ्या गोळीशी गाठ पडली की बिघडते. याचे सर्वांत बोलके उदाहरण सोफोसबुव्हिरचे. हेपटायटिस सी पूर्ण बरा करणाऱ्या या औषधाने जगभर लाखो लोकांची यकृते वाचवली. मार्च २०१५ मध्ये मात्र अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला की, सोफोसबुव्हिर असलेले काही उपचार अमिओडेरोन या हृदयाच्या लयीवरील गोळीसोबत घेतले गेले तेव्हा काहींचे ठोके धोकादायक रीतीने मंदावले; एकाचे हृदय बंद पडून निधन झाले आणि तिघांना पेसमेकर बसवावा लागला. औषध आधीच मंजूर झालेले होते आणि हा धोका समजला तो ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांचे जे झाले ते कळवले म्हणून. तेव्हापासून सूचना अशी आहे की, ही दोन्ही औषधे एकत्र देणे टाळावे. दुसरा पर्यायच नसेल तर पहिले ४८ तास रुग्णालयात ठेवून हृदयावर लक्ष ठेवावे आणि पुढे निदान पहिले दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज नाडी मोजावी. यातली मेख अशी की अमिओडेरोन शरीरात कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा रेंगाळते, त्यामुळे ‘ती गोळी मागच्याच महिन्यात बंद केली’ या उत्तरावर निर्धास्त राहता येत नाही. आपल्या देशात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हेपटायटिस सी वर सोफोसबुव्हिरचा उपचार मोफत मिळतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण उपचार सुरू करताना ‘हृदयाची कोणती गोळी चालू आहे किंवा होती’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

आता हा प्रश्न विचारल्यावर सोलापुरात काय घडते, ते काउंटरच्या या बाजूने सांगतो. रुग्ण खिशातून किंवा पिशवीतून गोळ्या काढून समोर ठेवतो, आणि त्यातल्या निम्म्या पाकिटांवर नावच नसते. पंधरा दिवसांच्या गोळ्या हव्यात आणि पैसे दहा दिवसांचेच आहेत, म्हणून मेडिकलवाल्याने कात्रीने पाकीट कापून दिलेले असते, आणि कापताना औषधाचे नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहिलेला असतो. ‘ही सकाळची, ही पांढरी रात्रीची’ एवढीच माहिती रुग्णाजवळ उरते. ती पांढरी गोळी अमिओडेरोन आहे, पोटॅशियम घटवणारी लघवीची गोळी आहे की नुसतीच पित्ताची, हे त्या चार चंदेरी फोडांवरून कोण सांगणार? हातावर पोट असलेल्या माणसाला सुट्या गोळ्या द्याव्याच लागतात, त्याला माझी हरकत नाही; नाव आणि बॅच असलेली बाजू गिऱ्हाइकाकडे जाईल अशा बेताने कात्री चालवायला मात्र एक पैसाही जादा लागत नाही.

दुसरी गोष्ट ईसीजीच्या कागदाची. औषधापूर्वीचा ईसीजी हाताशी असेल तरच नंतरच्या ईसीजीला अर्थ येतो, हे वर आलेच आहे. परंतु आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा आलेख उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर निघतो आणि तो कागद ऊन, उष्णता किंवा प्लास्टिकच्या सान्निध्यात हळूहळू फिका पडत जातो. सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याचे छप्पर आणि वर प्लास्टिकची फाइल असा योग जुळला की काही महिन्यांत आलेख वाचता येईनासा होतो. काहींनी तर जिवापाड जपण्यासाठी तो लॅमिनेट करून घेतलेला असतो आणि त्या गरम यंत्रातून तो अख्खा काळा होऊन बाहेर येतो. काढल्या दिवशीच साध्या कागदावर झेरॉक्स करून घ्यावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, एवढे ईसीजी काढणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच वर असतो. त्यात ताप, जुलाब, उलट्या झाल्या की अंगातले पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होते, आणि नेमक्या अशाच वेळी क्यूटी लांबवणारी औषधे अधिक बाधतात. उलटी थांबवण्यासाठी ऑन्डनसेट्रॉन, घशासाठी अझिथ्रोमायसिन, छातीसाठी लेव्होफ्लॉक्सासिन ही तिन्ही औषधे एकाच चिठ्ठीवर मी अनेकदा पाहिली आहेत, आणि या तिन्हींचा स्वभाव क्यूटी वाढवण्याचाच आहे. त्यांच्या जोडीला त्याच स्वभावाचे विषाणूविरोधी औषध आले, तर निदान रक्तातले पोटॅशियम तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. याच्या उलट बाजूही आहे. तापात नाडी जलद चालते आणि यंत्राने बॅझेटच्या सूत्राने आपोआप छापलेला दुरुस्त क्यूटीचा आकडा जलद नाडीच्या वेळी प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो, म्हणून केवळ तो आकडा पाहून गरजेचे औषध तोडू नये. अशा वेळी फ्रिडेरिशियाचे सूत्र अधिक विश्वासार्ह असते आणि अंतर डोळ्यांनी मोजणारा डॉक्टर त्याहूनही.

रिटोनाव्हिरविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण ते पुष्कळ जोड-उपचारांत दडलेले असते. यकृतातले औषधे मोडणारे एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) ते रोखते. जोडीच्या विषाणूविरोधी औषधाचे प्रमाण रक्तात टिकून राहावे यासाठीच ते दिले जाते. पण त्याच विकराने मोडली जाणारी रुग्णाची इतर औषधेही मग साचू लागतात. कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिन त्यासोबत मुळीच चालत नाही. अमिओडेरोन, छातीदुखीवरील रॅनोलाझिन, रक्त पातळ ठेवणारे रिव्हारोक्साबॅन यांबाबत कडक इशारे आहेत, अम्लोडिपिनने बीपी अपेक्षेपेक्षा जास्त उतरू शकते, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात त्या गोळ्यांपैकी टिकाग्रेलॉरने रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर उलट क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. नव्याने स्टेंट बसवलेल्या रुग्णाला या शेवटच्या दोन गोष्टींचे मोल काय आहे, हे हृदयरोगतज्ज्ञांना मी सांगावे असे नाही. कोविडवरील निर्माट्रेलव्हिरच्या जोडीला रिटोनाव्हिर असते आणि एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या उपचारातही असते.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे मोफत उपचार मिळू लागले. ज्यांना तेव्हा दिवस मोजायला सांगितले होते, ते आज साठीकडे झुकले आहेत, आणि वयाबरोबर येणारे बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी हे सगळे त्यांच्याही वाट्याला आले आहे. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राचे कार्ड घरात कपाटाच्या तळाशी आणि हृदयरोगतज्ज्ञाची फाइल हातात, अशा रीतीने ही माणसे दोन जगांत वावरतात. हृदयाच्या डॉक्टरांना ती एआरटीबद्दल सांगत नाहीत, कारण बाहेरच्या बाकावर बसलेल्या वीस लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात ‘कोणता आजार आहे?’ असे विचारले जाते. अशा परिस्थितीत औषधे लपवण्याचा दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. आज बहुतेकांना दिली जाणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधांची एक गोळी हृदयाच्या लयीच्या दृष्टीने जुन्या औषधांपेक्षा पुष्कळ सौम्य आहे, मात्र तिच्यावर काहींचे वजन वाढते, म्हणून वजन, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नियमित नोंद लागतेच. भारतासह १२ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात एचआयव्ही असलेल्या ४० ते ७५ वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरील गोळी दिल्याने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. एआरटी केंद्राने आणि हृदयरोगतज्ज्ञाने एकमेकांशी बोलावे, यासाठी याहून ठोस कारण कोणते हवे?

हे वाचून कुणी आपली चालू गोळी बंद करण्याचा विचार करत असेल, तर त्याला हात जोडून सांगतो की असे करू नये. एचआयव्हीचे उपचार मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची पद्धत साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांवर तपासली गेली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध थांबवलेल्यांत मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे गंभीर विकारही जास्त झाले. फ्लूचेही तसेच आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. म्हणजे विषाणू स्वतःच हृदयाचा मोठा वैरी आहे. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर किंवा नागीण उठल्यावर देतात ते असायक्लोव्हिर सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाचा ईसीजी काढत बसण्याची गरज नाही, आणि तसा आग्रह कुणी धरू लागला तर त्यातून लॅबचे बिल तेवढे वाढेल. हृदयरोग असलेले, लयीची औषधे घेणारे, पूर्वी चक्कर येऊन पडलेले, ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले आहे असे आणि मूत्रपिंड अधू असलेले, एवढ्यांपुरता हा प्रश्न आहे. अशा रुग्णाला संशयित औषध देण्याआधी एक ईसीजी, पोटॅशियमची एक तपासणी, चालू औषधांची स्वच्छ अक्षरातली यादी आणि काही दिवसांनी पुन्हा एक ईसीजी, इतकेच लागते. घरी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला आशाताई कुणालाही शिकवू शकतील. नाडी पन्नासच्या खाली आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा धाप असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हेही त्याच वेळी सांगता येईल.

इतके करूनही एखाद्याला त्रास झालाच, तर तो विषाणूमुळे, औषधामुळे की जुन्या आजारामुळे, हे एका रुग्णावरून ठरवणे तज्ज्ञालाही अवघड असते. म्हणूनच तर नोंदी एकत्र कराव्या लागतात. त्यासाठी आपल्या देशात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथल्या नोंदी पुढे स्वीडनमधील उप्साला येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राकडे जातात. कळवण्यासाठी पुरावा लागत नाही, संशय पुरतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि स्वतः रुग्णसुद्धा कळवू शकतो. रुग्णाचे नाव गुप्त राहते आणि नोंद केली म्हणजे डॉक्टरांनी चूक कबूल केली असा तिचा अर्थ धरला जात नाही. ही शेवटची गोष्ट शहरातल्या खासगी डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली नाही असा माझा समज आहे, कारण नोंदीचा विषय काढला की समोरचा चेहरा पोलिस चौकीचे नाव काढल्यासारखा होतो.

सोलापुरात बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर इथूनच नव्हे, तर धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. उपचार इथे होतो आणि त्रास गावी गेल्यावर जाणवतो, तेव्हा तिथला डॉक्टर नव्याने सुरुवात करतो आणि इथल्याला कधीच काही कळत नाही. यासाठी आमच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागाने, सिव्हिलच्या एआरटी आणि हेपटायटिस उपचार केंद्रांना व शहरातील हृदयरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन, रुग्णाच्या हाती द्यायचा एक साधा पानभर तक्ता तयार करावा, अशी विनंती आहे. त्यावर औषधांची नावे, औषधापूर्वीची नाडी आणि क्यूटी, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि त्रास झाल्यास फोन करायचा क्रमांक एवढे असले तरी चालेल. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही तो छापावा, कारण शहराच्या पूर्व भागातल्या आणि सीमेवरच्या घरांत औषधांचे बोलणे याच भाषांत चालते. एआरटीचा उल्लेख कोणत्या खुणेने करायचा, हे त्या रुग्णांना विचारूनच ठरवावे. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने पाकिटे कापण्याबाबत आपल्या सभासदांना एक परिपत्रक काढावे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या अंकात रोज रक्तपेढ्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे दूरध्वनी क्रमांक छापले जातात. त्याच चौकटीत औषधांचे दुष्परिणाम कळवण्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ एका ओळीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
सोलापूर